अख्खं गाव गरवार

ज्या वर्षी आमच्या गावातल्या त्रेचाळीस बायका एका सकाळी एकदम गरवार राहिल्या, त्या वर्षाची ही गोष्ट. हसू नका! खोटं सांगत नाही मी. यादी मीच लिहिली होती, माझ्याच अक्षरात, शाळेच्या ओट्यावर बसून. यादीत पहिलं नाव होतं माझ्या सासूचं, आणि ती तेव्हा पन्नाशी ओलांडलेली बाई. नक्की वय किती ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आणि जिला खरोखर दिवस गेले होते, तिचं नाव तेवढं यादीत नव्हतं. ती मी.

मी माहीमची. सातवी पास. त्या काळात आमच्या लोकांत सातवी पास सून म्हणजे मिरवायची वस्तू. सातपाटीहून होडीनं खाडी उतरलं की आमचं गाव. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं मला सगळ्या वाळवणांवरून फिरवून आणलं होतं. बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगता टांगता बायका माझ्याकडं बघत होत्या आणि सासू सांगत होती, "लिवता येतं तिला. आपल्या सोसायटीचा कागूद बी वाचील." पण लिहिण्यावाचण्यानं पोर होत नाही ना! चार वर्षांत दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पाचवा महिना लागता लागता सगळं गेलं. पहिल्या वेळी मी स्वतःच आनंदानं सगळ्यांना सांगत सुटले होते. दुसऱ्या वेळी माझ्या नणंदेनं सांगितलं, भर बाजारात. सासूनं त्यातून एकच अर्थ काढला: बोललं का जातं.

म्हणून तिसऱ्या वेळी तिनं हुकूम सोडला. "पोर रडंपर्यंत कोणी कायबी बोलायचं नाय. तू नाय, मी नाय, माजा पोरगा नाय. देवाला बी सांगायचं नाय, तो बगतोय तेवढं पुरे."

मी हो म्हटलं. तोंडाची फटकळ म्हणून मी दोन्ही गावांत प्रसिद्ध होते, पण त्या बाबतीत ओठ शिवून घेतले.

त्यातच पटकी आली. एकसष्टनंतरची ती वर्षं अशी, की मच्छीमार सोसायटीच्या रेडिओवर रोज कुठल्या ना कुठल्या मुलखात पटकी पोचल्याची बातमी. कुठल्याशा समुद्रापारच्या बेटांवरून निघाली होती म्हणे आणि देश ओलांडत चालली होती. आमच्याकडची माणसं म्हणायची, समुद्रातून येते म्हणजे पयली आपल्याच दारात उतरनार. वैशाखाचे दिवस होते. गोड्या पाण्याची विहीर तळाला गेलेली, बाकीच्या मचूळ. एके दिवशी वरच्या पाड्यावर दोन माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली आणि तिसऱ्या दिवशी त्यातलं एक गेलं. ती एक बाई होती, सहा महिन्यांची पोटुशी. तिचं पोर तिच्या आधी गेलं, मग ती.

ते ऐकलं आणि मी पदर पोटाशी घट्ट धरला. सासूनं माझ्याकडं पाहिलं. त्या दिवसापासून ती मला विहिरीवर जाऊ देईना.

दुसऱ्या दिवशी पालघरहून आरोग्य खात्याचे साहेब आले आणि त्यांच्यासोबत नर्सबाई. साहेब डोक्यावर हॅट घालून होडीतून ऐटीत उतरले. नर्सबाई उतरल्या त्या पेटी छातीशी धरून, तोंड हिरवं पडलेलं, चपला चिखलात रुतलेल्या. घाटावरची बाई, साताऱ्याकडची. समुद्र पहिल्यांदा बघत होती. उतरल्या उतरल्या खाडीच्या काठावर ओकली आणि तोंड पुसून पहिलं वाक्य काय बोलली सांगू? "कोण हसलं गं तिकडं? पुढं ये, आधी तुलाच टोचते."

तिथंच ती मला आवडली.

दवंडी पिटली गेली. सगळ्यांनी पटकीची सुई टोचून घ्यायची. टोचल्याचा कागद नसेल तर पालघरच्या बाजारात पाटी घेऊन बसता येणार नाही, बोईसरच्याही नाही. आता आमच्या बायकांना पटकीची भीती होतीच, पण सुईची त्याहून जास्त. सातपाटीच्या एका बाईला टोचली होती तर म्हणे तिचा दंड सुजून सुरमईएवढा झाला आणि दोन दिवस ती पाटी डोक्यावर घेऊ शकली नाही. दोन दिवस पाटी नाही म्हणजे दोन दिवस चूल नाही! पुरुष दर्यावर, घरात बाईच्याच पाटीवर सगळं चालायचं. नुसत्या दुखण्याला घाबरणाऱ्या बायका नव्हेत त्या.

साहेबांनी ओट्यावर उभं राहून भाषण केलं आणि शेवटी एक वाक्य टाकलं. "गरोदर स्त्रियांना तूर्त सुई देण्यात येणार नाही. त्यांना ताप सोसणार नाही. त्यांनी आपली नावं नर्सबाईंकडे द्यावीत, त्यांना वेगळी चिठ्ठी मिळेल."

अहाहा! ते वाक्य गर्दीत पडलं आणि बायकांच्या डोळ्यांत कशी चमक आली म्हणता! कोळणी त्या. भावात फट दिसली की हात घालणारच.

नर्सबाईंना लिहायला माणूस हवं होतं. मास्तरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी बाकावर बसले, वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं. मान वर केली तर समोर माझी सासू. नऊवारीचा काष्टा घट्ट, हात कमरेवर.

"लिव," ती म्हणाली.

"काय लिहू, आय?"

"माजं नाव. माला दिवस गेलेत."

मला ठसका लागला. नर्सबाईंनी वरून खालपर्यंत तिला न्याहाळलं. "कितवा महिना, मावशी?"

"दुसरा," सासू म्हणाली. डोळ्याची पापणी लवली नाही.

तिच्या मागोमाग रांग लागली. शेजारीण आली, तिची जाऊ आली, जिच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं ती आली, आणि तिच्यामागं ती लेकही घुसत होती तिला आईनं फटका देऊन हाकललं. "तुजं लगीन तर होऊ दे भवाने!" कोणी दुसरा सांगत होतं, कोणी तिसरा. एकीनं अकरावा सांगितला. मी म्हटलं, "मावशे, नवव्यात मोकळ्या होतात." तर म्हणते, "मग आठवा लिव, तुला काय करायचंय?"

आणि मग आली आमच्या आळीतली विधवा बाई. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. बोईसरला मासळी विकायची. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू होतं, त्यामुळं तिथं नवीन माणसं आली होती आणि तिचा धंदा जोरात होता. मी पेन्सिल खाली ठेवली. हळूच म्हटलं, "अगं वयनी, तुझं कसं लिहू? लोक काय म्हणतील?"

ती माझ्या कानाशी वाकली. "लिव गं. बदनामी परवडंल, दंड सुजलेला नाय परवडनार."

लिहिलं. काय करते!

त्रेचाळीस नावं झाली. साहेबांनी यादी पाहिली, गावाकडं पाहिलं, परत यादी पाहिली. त्यांचे कान लाल झाले. "हे शक्य आहे का? काय चाललंय काय इथं?" नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, बायकांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. सरकारी कागद झाला आता. आपण कोण खोटं ठरवणारे?" तेव्हा मला वाटलं, बाई भोळी आहे. भोळी कसली! पोचलेली होती.

घरी आल्यावर मी सासूच्या मागं लागले. "अहो आय, त्रेचाळीस खोट्या, त्यात माझं एक खरं घुसवलं तर कुणाला कळणार आहे? मलाही चिठ्ठी मिळेल. नाहीतर मला सुई घ्यावी लागेल."

"ज्याला कळायचं त्याला कळंल," ती म्हणाली. "तो यादी वाचत बसत नाय, त्याला वास येतो."

माझी दोन पोरं नेणारा हा 'तो' कोण, ते विचारायची माझी छाती झाली नाही. "मग सुईचं काय?"

"तुला उद्या माहीमला पाठवते."

पण दुसऱ्या दिवशी होडीच बंद झाली. आजार आटोक्यात येईपर्यंत कोणी खाडी ओलांडायची नाही, असा हुकूम आला होता. साहेब आणि नर्सबाईंचा मुक्कामही मग शाळेतच पडला. सासू काठावर उभी राहून होडीवाल्याला शिव्या देऊन आली. ती शिव्या देत होती पण घाबरली होती, हे मला तिच्या चालीवरून कळलं.

त्याच दिवशी नर्सबाईंनी आपला डाव टाकला. यादीतल्या सगळ्या बायकांना शाळेसमोर गोळा केलं आणि म्हणाल्या, "अभिनंदन गं बायांनो! एवढं भरलेलं गाव मी जन्मात पाहिलं नव्हतं. आता ऐका. पटकी झाली की पोटातलं पोर राहत नाही. वरच्या पाड्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा गरोदर बाईनं उकळलेलं पाणीच प्यायचं. तिच्या घरात कच्चं पाणी दिसता कामा नये, नाहीतर तीच चुकून पिईल. खायच्या आधी हात साबणानं धुवायचे. रोज सकाळी मी घरोघर येणार. चुलीवर हंडा उकळताना दिसला नाही, तर मी समजेन की ही बाई गरोदर नाही, आणि तिथंच टोचेन. सुई माझ्या पेटीतच असते."

 मग जो कालवा उठला! "रोज हंडा उकळायचा? लाकडं काय तुजा बा देनार?" "पान्याला धुराचा वास येतो!" नर्सबाईंनी पेटी उघडून सुई उन्हात धरली. कालवा थांबला.

झालं! दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी गावातून फिरलो, नर्सबाई पुढं, मी वही घेऊन मागं. घराघरातून धूर. झावळ्या जळत होत्या, करवंट्या जळत होत्या, एकीनं तर नवऱ्याचं मोडकं वल्हं चुलीत घातलं होतं. त्रेचाळीस घरांत त्रेचाळीस हंडे खदखदत होते. आणि गावात घरं होती साठाच्या आसपास, म्हणजे बघा! मला इतकं हसू येत होतं आणि इतका आनंद होत होता की काय सांगू. नर्सबाई दारात उभ्या राहून गंभीरपणे विचारायच्या, "कोरडी उलटी होते का?" आणि आतून साठीला टेकलेली बाई तितक्याच गंभीरपणे सांगायची, "व्हते ना बाय, सकाळची लय व्हते."

वळणावर आल्यावर मी विचारलं, "बाई, तुम्हाला पहिल्यापासून कळलं होतं ना?"

"मला काय बैल समजलीस?" त्या म्हणाल्या. "सुईचा जोर थोडे महिने टिकतो, आणि तोही सगळ्यांवर नाही. चूल मात्र रोज पेटते. सगळ्यांना टोचायला बसले असते तर अर्ध्या बायका पळून गेल्या असत्या. आता बघ, एक तरी पळतेय का?"

त्याच दुपारी बोटी आल्या. आठ दिवस दर्यावर काढून आलेले पुरुष. मासळी उतरवायच्या आधीच त्यांना बातमी लागली. कोणी बायकोकडं बघतोय, कोणी बोटं मोजतोय. बोटीचे म्हातारे तांडेल तर सासऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काय रे, या वयात?" माझे सासरे आधीच अबोल माणूस. ते थेट घरी आले, सासूसमोर बसले आणि म्हणाले, "माज्या कानावर काय आलंय?" सासू म्हणाली, "गप उकळलेलं पानी प्या." ते प्यायले.

माझे हे मात्र माझ्याकडं बघत राहिले. त्यांना ठाऊक होतं. हळूच म्हणाले, "तुजं नाव लिवलं का?" मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांचा चेहरा उतरला. आईपुढं बोलायची त्यांची प्राज्ञा नव्हती, आणि खरं सांगते, माझीही नव्हती. सातवी पास असून मीही मानत होते. दोनदा रिकामी झालेल्या बाईला सातवी पास असण्याचा काय उपयोग?

गुरुवार उजाडला. यादीबाहेरच्या सगळ्यांना टोचायचं होतं. परत आलेले पुरुष, म्हातारी माणसं, लग्न न झालेल्या पोरी. शाळेच्या ओट्यावर स्टोव्ह फरफरत होता, भांड्यात सुया उकळत होत्या, स्पिरिटचा वास सुटला होता. साहेब खुर्चीत. नर्सबाई उभ्या. आणि मी त्यांच्या बाजूला वही घेऊन, कारण टोचलेल्यांची नावं कोण लिहिणार? लपायला म्हणून घरात राहावं तर कामाला मीच! सासू म्हणाली होती, "जा. लिवनारीला कोन टोचतो? गर्दीत विसरून जातील." मलाही ते पटलं होतं. वेडेपणा होता नुसता.

पुरुषांची रांग सरकू लागली. चाळीस वाव पाण्यात उडी घेणारे गडी सुई बघून डोळे मिटत होते. कुंपणाबाहेर त्रेचाळीस गरवार बायका पदर तोंडात धरून मजा बघत होत्या. चेष्टा चालली होती, टाळ्या पडत होत्या. मी लिहीत होते आणि एकेक नाव संपत होतं.  त्या दिवशी सकाळीच पहिल्यांदा आत काहीतरी हललं होतं, मासोळीनं शेपटी मारावी तसं. आधीच्या दोन्ही वेळा मी तिथवर पोचलेच नव्हते. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, सासूलाही नाही.

"झाले सगळे?" साहेबांनी विचारलं.

"झाले," मी म्हटलं आणि वही मिटली.

"असं कसं?" मास्तर म्हणाले. चांगला माणूस, पण नको तिथं हुशार. "ह्या बाईच राहिल्या की. ह्यांचं नाव यादीत नाही."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. साहेबांनी वही मागितली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "खरंच. तुम्ही गरोदर नाही?"

आता सांगा, मी काय करावं? हो म्हणावं तर भर गावात ते तोंडातून निघणार, आणि दोनदा तसंच निघालं होतं, दोनदा गेलं होतं. नाही म्हणावं तर सुई, मग ताप, आणि तापाचं साहेबांनी स्वतःच सांगितलेलं. इकडं खाडी, तिकडं खडक. 

"नाही," मी म्हटलं.

मी म्हटलं! स्वतःच्या तोंडानं. अजून तो शब्द आठवला की माझ्या अंगावर काटा येतो.

नर्सबाई माझ्याकडं टक लावून बघत होत्या. "नक्की? काही असेल तर बोल पोरी." मी पोलक्याची बाही वर केली. त्यांनी कापूस फिरवला. थंडगार लागलं. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, धरून बस रे बाबा, धरून बस.

"थांब गं बाय!"

तो आवाज पालघरच्या बाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. माझी सासू. कुंपणाच्या काठ्या आडव्या पाडत, काष्टा सावरत, धावत येत होती. आली ती थेट माझ्या आणि सुईच्या मधे उभी राहिली.

"तिला नको. माला टोच."

साहेब उठले. "अहो, तुम्ही तर गरोदर ना? पहिलंच नाव तुमचं."

"व्हते. आता नाय."

कुंपणापाशी हशा उसळला. सासूनं वळून असं बघितलं की तो तिथंच विरला.

"म्हणजे काय, आता नाही?" साहेबांनी विचारलं.

"माजा नंबर मी तिला दिला," सासू म्हणाली. तिच्या छातीचा भाता हलत होता. "एक नंबर तिचा. माजा व्हता, मी दिला. तुमाला काय?"

"अहो, असा नंबर देता येत नाही! ही काय रॉकेलची रांग आहे?"

पण नर्सबाईंनी सुई ताटलीत ठेवली होती. त्या सासूकडं बघत होत्या, मग माझ्याकडं, मग माझ्या पोटाकडं. मी पदर ओढून घेतला. त्यांचा चेहरा पालटला. आमच्या घरात जे चार महिने कोणी बोललं नव्हतं, ते त्या बाईला एका क्षणात कळलं, आणि तीही ते बोलली नाही.

"देता येतो, साहेब," त्या म्हणाल्या.

"कुठल्या नियमात?"

"यादी मी केलीय. मी म्हणते देता येतो." आणि मग सासूला, "बसा मावशी. बाही वर करा."

आणि माझी सासू बसली! मुशीसारखा दांडगा मासा कोयत्यानं उभा चिरताना जिचा हात कधी थरथरला नाही, ती बाई सुईला इतकी भ्यायली होती की तिचे दात वाजत होते. तिनं माझा हात धरला. इतका दाबला की माझ्या बांगड्या रुतल्या. सुई घुसली तेव्हा तिनं जी किंकाळी फोडली, ती खाडीपलीकडं सातपाटीला ऐकू गेली असं लोक नंतर कित्येक वर्षं सांगत. मी रडत होते. ती म्हणाली, "तू कशाला रडतेस? टोचलंय माला."

मी पेन्सिल उचलली. "बाई, एक नंबरचं नाव बदलू?"

"काही बदलू नकोस," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "राहू दे तसंच. वेळ आली की बघू."

दोन दिवस सासू तापानं फणफणली. मी तिच्या कपाळावर घड्या ठेवल्या, पेज भरवली. तिसऱ्या दिवशी उठली ती सगळ्यात आधी चुलीपाशी गेली, हंडा ठेवायला. मी म्हटलं, "आय, तुम्हाला तर टोचलं, आता सक्ती नाही." ती म्हणाली, "माला टोचलं. एक नंबर हाय ना घरात?"

पटकी महिनाभर पंचक्रोशीत फिरत राहिली. आमच्या गावात तीन जण आडवे झाले, त्यात ती विधवा बाईही होती. तिला पालघरला नेऊन सलाईन लावलं, वाचली. तिघंही वाचले. आणि गावातली एकही खरी-खोटी गरवार दगावली नाही.

पुढची गंमत ऐका. पावसाळ्यात माझं पोट दिसायला लागलं. लपणार किती? पण ज्या बायकांनी दवंडी ऐकून धडाधड खोटं सांगितलं होतं, त्या सगळ्या माझं खरं बघून मुक्या झाल्या! सासूनं त्या दिवशी काय केलं ते सगळ्यांना उमगलं होतं. समोर पोट घेऊन मी उभी, तर म्हणायच्या, "काय गं, बरी हायस ना? जाडी झालीस जरा." कोणी चिंचा आणून ओट्यावर 'विसरून' जायची. कोणी शहाळी. नर्सबाई आठवड्याला येऊन पोट तपासायच्या आणि सासूला सांगायच्या, "तुमचा एक नंबर उत्तम आहे, मावशी." पाचवा गेला. सहावा गेला. सातव्यात ओटी भरली नाही, सासूनं भरू दिली नाही. आठवा गेला. नारळी पौर्णिमा होऊन बोटी पुन्हा दर्यावर गेल्या.

नवरात्राच्या आधीची दुपार होती. सकाळपासून कळा सुरू होत्या. नर्सबाई आदल्या दिवसापासूनच मुक्कामाला होत्या, आता होडीत त्यांना ओकारी येत नव्हती. सुया, कात्री, दोरा, सगळं सासूनं स्वतः उकळून ठेवलं होतं. मी ओरडत होते आणि ओरडताना नर्सबाईंना शिव्या देत होते. त्या म्हणत होत्या, "दे, दे, अजून दे, पण खाली जोर लाव." सासू माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तोंड घट्ट मिटलेलं. 

आणि पोर आलं. क्षणभर काहीच नाही. त्या क्षणात माझे नऊ महिने, चार वर्षं, सगळं अडकून राहिलं. मग नर्सबाईंनी पाठीवर चापट मारली आणि पोर रडलं. असं रडलं, बाई गं, घर दणाणलं!

"पोरगी आहे," नर्सबाई म्हणाल्या.

सासू उठली. दारात गेली. खाली खाडीत बोटी शिरत होत्या, वाळवणावर बायका बोंबील उलटत होत्या. तिनं दोन्ही हात चौकटीवर ठेवले आणि नऊ महिने पोटात दाबून ठेवलेला तो आवाज सोडला.

"माजी सून बाळंत झाली गो! माज्या सुनेला पोर झालं! रडतंय! ऐका, रडतंय!"

वाळवणावरून आरोळी उठली. खाडीतून कोणीतरी शंख फुंकला. ती तेच तेच ओरडत राहिली, घसा बसेपर्यंत. मग आत आली, माझ्या पायाशी बसली आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली.

नर्सबाईंनी वही काढली. एक नंबर. समोर सासूचं नाव, माझ्या अक्षरातलं.

"आता लिव तुजं," सासू म्हणाली.

मी पडल्या पडल्या पेन्सिल घेतली. तिचं नाव खोडलं नाही. त्याच्याच शेजारी माझं लिहिलं.

नर्सबाई वाकून बघत म्हणाल्या, "अगं, एका पोरीला दोन आया? सरकार विचारेल."

म्हटलं, विचारू दे.